मासे सोडणारी माणसं

माझा नवरा गिरीश साताऱ्याचा. त्याच्या घरात सात पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा फोडलेलं नाही. मी रेवदंड्याची, सीकेपी. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच मला वासावरून कळायचं, आज घरी बोंबील आहेत की मांदेली. आता अशा या माझ्या नवऱ्याने अमेरिकेत येऊन काय करावं? तर फ्लाय फिशिंगच्या क्लबात नाव घातलं.

“अगं, ते मासे मारत नाहीत,” तो मला पटवायला लागला. “पकडतात आणि परत सोडून देतात. म्हणून तर जॉइन केलं.”

म्हणजे झालं असं, की ज्याला मासा चालत नाही तो दर शनिवारी ढिगाने मासे धरायचा, आणि जिचा जीव माशासाठी कासावीस व्हायचा ती घरी बसून दुकानातल्या गोठवलेल्या, बेचव तुकड्यांना हळद-तिखट चोळायची. वर तो संध्याकाळी येऊन हाताने माप दाखवणार, “आज एवढे एवढे मिळाले!” मी म्हणायची, “मिळाले तर कुठायत?” यावरून आमची भांडणं झालेली आहेत, आणि ती लुटुपुटूची नव्हती.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. नॉर्थ कॅरोलायनातलं कॅरी तेव्हा आजच्यासारखं फुगलेलं नव्हतं. रिसर्च पार्कमध्ये नोकरीला आलेले आम्ही मोजके लोक, जिकडे तिकडे पाइनची झाडं, आणि त्या झाडांतून अचानक समोर येणारी शेतावरची तळी. अशाच एका तळ्यावर हा क्लब जमायचा. बहुतेक सगळे निवृत्त, सगळे टोपीवाले. ते धरायचे ते ब्लूगिल, म्हणजे हाताच्या पंजाएवढा चपटा मासा, पोटाशी नारिंगी झाक असलेला. असल्या छोट्या माशांना मिळून तिथे पॅनफिश म्हणतात, कारण ते अख्खे तव्यात मावतात. तव्याचं नाव घेऊन जन्माला आलेला मासा पाण्यात परत सोडायचा, याहून मोठं पाप मला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये मी मावशीला इथे आणलं. मावशी म्हणजे माझी सावत्र आई. पण हा शब्द आमच्या घरात कुणी कधी उच्चारला नाही. मी चार वर्षांची असताना आई गेली. वर्ष व्हायच्या आत आईच्या पाठच्या बहिणीचं, शरयूचं, बाबांशी लग्न लावून दिलं. तेव्हा असं सर्रास करत, मुलीला परकी बाई नको म्हणून. मी तिला आधीपासून मावशी म्हणत होते, ती पुढेही मावशीच राहिली. तिला स्वतःचं मूल झालं नाही. माझ्या वेण्या, माझा गोवर, माझं मॅट्रिक, माझं लग्न, सगळं तिनेच पार पाडलं. मग बाबा गेले आणि ती रेवदंड्याच्या घरात एकटी उरली. मी नुकतीच इथली नागरिक झाले होते. धडाधड कागद केले, तिचं ग्रीन कार्ड मिळवलं आणि तिला घेऊन आले. तिला कायमची माझ्याजवळ ठेवायची, तिला कशाचीही ददात पडू द्यायची नाही, एवढं एकच माझ्या मनात होतं.

मावशीची एक गोष्ट आधीच सांगायला हवी. तिने मासे सोडले होते. आमच्याकडे जिवाभावाचं माणूस गेलं की कुणी कुणी आपल्या आवडीचा एखादा पदार्थ त्याच्या नावाने सोडतं. बहुतेक लोक हुशारीने दुधी किंवा पडवळ सोडून मोकळे होतात. मावशीने माझ्या आईच्या नावाने मासे सोडले, तेही सगळे, सुक्यासकट. आम्हाला मात्र ती रोज करून घालायची. मिठाचा अंदाज वासावर घ्यायची आणि कालवण कधी चुकायचं नाही. बाबा आणि मी बोटं चाटत असायचो, ती पलीकडे वरणभात कालवत असायची. लहानपणी मला वाटायचं, करणाऱ्याने खायचं नसतं असा नियमच असेल.

कॅरीत आल्यावर मावशी गप्प झाली. बाहेरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ओढून बसायची. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

“उत्तू, इथली माणसं जातात कुठे गं?” ती विचारायची.

“ऑफिसला.”

“आणि म्हाताऱ्या?”

माझी लेक दीपा सात वर्षांची. तिला मराठी कळायचं, पण बोलायची इंग्रजीत. त्यामुळे आजी-नातीचा संवाद म्हणजे दोघींनी आपापलं म्हणायचं आणि हसायचं. एकदा मी म्हटलं, “मावशी, मागच्या बाजूला तुला वेगळी खोली बांधू या. तुझी तुला.” ती म्हणाली, “बघू.” आता आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असाच होतो. जत्रेला, सिनेमाला, नव्या फ्रॉकला, सगळ्याला मी तिचं हे ‘बघू’ ऐकत वाढले होते.

एका शनिवारी संध्याकाळी जेवताना गिरीश म्हणाला, “मावशी, तुम्ही एकदा आमच्या क्लबात चला. आम्ही सगळे मासे सोडतो.”

मावशीचा घास हातातच राहिला. “सगळे?”

“सगळे म्हणजे सगळे. रूलच आहे तसा.”

“गोरे लोकसुद्धा?”

“अहो, गोरेच आहेत. मी एकटाच आपला.”

“कुणासाठी सोडतात?”

गिरीश गोंधळला. “कुणासाठी म्हणजे? माशांसाठीच की.”

मावशीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता, पण हसू दाबताना असा ठसका लागला की बोलता येईना. आणि ठसका गेल्यावरही मी बोलले नाही. आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जागं झालेलं दिसत होतं. एवढ्या लांबच्या देशात इतकी माणसं आपल्यासारखीच मासे सोडून बसलीत, याचं तिला केवढं अप्रूप वाटलं होतं.

“बघायला हवीत ही माणसं,” ती म्हणाली. या बघण्याचा अर्थ ‘नाही’ असा नव्हता.

पुढच्या शनिवारी आम्ही तिला घेऊन गेलो. पाचवारी सुती साडी, वर गिरीशचा जुना स्वेटर आणि कपाळावर ती नेहमी लावायची ती काळी टिकली. क्लबची सेक्रेटरी डॉटी लॅसिटर पुढे आली. ही शाळेच्या लायब्ररीतून निवृत्त झालेली विधवा बाई, उंच आणि काटक, तिच्या टोपीत चारी बाजूंनी फ्लाय खोवलेल्या. फ्लाय म्हणजे गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेला खोटा किडा. आम्ही घरात त्याला माशीच म्हणायचो. मी ओळख करून दिली, “धिस इज माय मदर,” आणि वळून म्हटलं, “मावशी, ही डॉटी.” डॉटीने मावशीचे दोन्ही हात हातात घेतले आणि तिला पाण्याजवळच्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

मावशी सगळ्यांकडे आदराने बघत होती. मग डॉटीने काठी उचलली. दोरी डोक्यावरून मागे गेली, पुढे आली, पुन्हा मागे गेली आणि माशी पाण्यावर अलगद टेकली. टप्प असा आवाज झाला. डॉटीने दोरी ओढून घेतली, टोकाला तडफडणारा ब्लूगिल. तिने आधी हात पाण्यात बुडवून ओला केला, मग मासा धरला, गळ काढला, आणि तळहात पाण्याखाली उघडा धरून थांबली. मासा क्षणभर तिच्या हातातच राहिला. मग आपण होऊन निघून गेला.

“अगं बाई, सुटला तिच्या हातून!” मावशी उभीच राहिली.

“सुटला नाही, मावशी. सोडला.”

“सोडला?”

“हेच सोडतात ते.”

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं. ती खुर्चीत बसली, पदर तोंडाला लावला आणि हसायला लागली. खांदे गदगदा हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. बाबा गेल्यापासून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. डॉटीला काही कळलं नाही, पण तीही हसायला लागली. हसून झाल्यावर मावशीला राग आला. “एवढी ताजी मासळी! काय माणसं आहेत का कोण! आमच्या आळीत असं केलं तर दगड मारतील.” आणि जरा वेळाने म्हणाली, “पण हात ओला कशाला केला तिने?”

मी विचारून सांगितलं. माशाच्या अंगावर बुळबुळीत साय असते, ती त्याला जपते. कोरड्या हाताने धरलं की ती निघून येते. मग मासा सोडला तरी जगत नाही. जाताना छान पोहत जातो, मरतो नंतर.

“जन्मभर मासे साफ केले,” मावशी म्हणाली, “जिवंत मासा धरायचा कसा हे कधी मनातच आलं नाही.”

त्यानंतर एकही शनिवार चुकला नाही. शुक्रवारपासूनच तिची लगबग सुरू व्हायची. डॉटीला शंकरपाळे आवडले म्हणून डबा भरला जायचा. डॉटी तिला दोरी फेकायला शिकवायची. डॉटी दक्षिणेकडच्या हेल काढलेल्या इंग्रजीत सांगणार, मावशी रेवदंड्याच्या मराठीत उत्तर देणार, आणि दोघींचं कुठे अडायचं नाही. मावशीची माशी पहिल्यांदा पाइनच्या फांदीला लागली, मग तिच्या स्वतःच्या पदराला, एकदा गिरीशच्या टोपीला. शेवटी तिने पदर खोचला, बांगड्या वर सरकवल्या आणि म्हणाली, “समजलं. ओला कपडा झटकून वाळत घालतात तसं करायचं.” तेव्हापासून तिची दोरी सरळ जायला लागली.

एके दिवशी डॉटीने दीपाला विचारलं, तुमच्या भाषेत फ्लायला काय म्हणतात? दीपा म्हणाली, “माशी.” डॉटीच्या अमेरिकन कानांना माशी आणि मावशी यांत फरक कुठून कळणार? ती माझ्याकडे धावत आली. मी मावशीची ओळख ‘मदर’ म्हणून करून दिलेली, हाक मात्र मावशी मारायची, तेव्हा मावशी म्हणजे आई हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं. “तुमच्या भाषेत आई आणि फ्लाय एकच शब्द? हाऊ ब्यूटिफुल!” मी सुधारायला तोंड उघडेपर्यंत तिने ते सगळ्या क्लबला सांगितलंसुद्धा. नंतर मीही नाद सोडला. आमच्या भाषेत काय काय आहे हे टोपीवाल्या वीस माणसांना समजावत बसायला माझ्याकडे वेळ नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी लायब्ररीच्या तळघरात क्लबचे लोक माशा बांधत बसायचे. मावशीनेही एक बांधली. दीपाच्या स्वेटरची उरलेली पिवळी लोकर आणि ब्लाउज शिवायचा हिरवा दोरा. ती माशी इतकी जाडजूड झाली की कुठल्याच किड्यासारखी दिसत नव्हती. डॉटी तिच्या मते फार सभ्यपणे म्हणाली, “इंटरेस्टिंग.” पण शनिवारी मावशीने तीच पाण्यात टाकली आणि ब्लूगिलांनी तिच्यावर नुसती झुंबड उडवली.

“ब्लूगिलला काय, सिगारेटचं थोटूक टाकलं तरी घेतो,” गिरीश पुटपुटला. त्याला त्या दिवशी दोनच मिळाले होते. क्लबने मात्र त्या माशीचं नाव ‘मावशी’ ठेवलं आणि बरेच जण तशी बांधायला लागले.

तो उन्हाळा आठवला की अजूनही माझ्या जिवाला बरं वाटतं. संध्याकाळचं उतरतं ऊन, तळ्यावर पाइनचा वास, दोन खुर्च्यांवर दोन म्हाताऱ्या, मधे शंकरपाळ्यांचा डबा. दीपा अनवाणी पळतेय. गिरीश चष्मा कपाळावर चढवून दोरीचा गुंता सोडवतोय. मला वाटायचं, रमली माझी मावशी. मी मागच्या अंगणात पावलांनी माप घेऊन खोली कुठवर येईल हेही पाहून ठेवलं. तिच्या त्या ‘बघू’चा मला विसर पडला होता. आता त्या तळ्याच्या काठाने सगळी घरं झाली आहेत आणि पाण्यात एक कारंजं उडतं. मी तिकडून गाडी नेत नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला क्लबचा फिश फ्राय असायचा. तळ्यात ब्लूगिलांची फार दाटी झाली की ते वाढत नाहीत, खुरटतात. म्हणून वर्षातून एकदा काही मासे ठेवून घ्यायचे आणि तळून खायचे. हे गिरीशने मला इतके दिवस सांगितलंच नव्हतं. कळल्यावर मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवशी मावशीलाही एक मोठा ब्लूगिल लागला. तिच्या स्वतःच्या पिवळ्या माशीला, स्वतः फेकलेल्या दोरीला. गिरीश सवयीने हात ओला करून पुढे झाला. “सोडू ना?”

“थांबा, गिरीशराव,” ती म्हणाली. “हा वेगळा ठेवा.”

मग ती चुलीजवळ गेली. तिथे एक आजोबा मक्याचं पीठ लावून मासे तळत होते. मावशीने हळूच त्यांना बाजूला केलं. घरून आणलेलं हळद, तिखट, मीठ आणि आमसुलाचं पाणी माशांना चोळलं, आजोबांचं मन राखायला वरून मक्याचं पीठही लावलं, आणि तळायला घेतले. तो वास आला आणि मी जागच्या जागी दहा-बारा वर्षांची झाले. लोक घाम पुसत खात होते, पाणी पीत होते, पुन्हा खात होते. मी किती खाल्ले ते विचारू नका. गिरीश लांब झाडाखाली बटाट्याचं सॅलड खात उभा होता.

डॉटी एक भरलेली प्लेट घेऊन मावशीकडे निघाली. मी तिला थांबवलं. “ती खात नाही. तिने सोडलंय. एका माणसाच्या आठवणीसाठी.”

“कुणाच्या?”

“माझ्या आईच्या.”

डॉटीला काही उमजेना. “पण तुझी आई तर हीच.”

मग मी तिला सगळं सांगितलं. आई कशी गेली, मावशी कशी आली, आणि मावशी म्हणजे आई नव्हे, आईची बहीण. माशी हा शब्द तर आणखीनच वेगळा. डॉटी प्लेट हातात धरून ऐकत राहिली.

“मग आई म्हणायचं असतं तेव्हा तू तिला काय म्हणतेस?” तिने विचारलं.

“मावशीच.”

“मग माझं चुकलं कुठे?” डॉटी म्हणाली.

मला रडू आलं. मी तोंड फिरवलं, तर समोर मावशी. तिने शेवटच्या तेलात आपला वेगळा ठेवलेला ब्लूगिल तळला होता. तो कागदी प्लेटमध्ये घेऊन ती पाण्याजवळच्या खुर्चीवर बसली आणि शांतपणे एक घास मोडून तोंडात घातला.

“मावशी!” मी धावले.

“काटे आहेत गं. बोलायला लावू नकोस.”

मी शेजारी बसून राहिले. तिने पूर्ण मासा खाल्ला, मधला काटा स्वच्छ करून प्लेटच्या कडेला ठेवला, बोटं चाटली. मिठाबद्दल म्हणाली, “जरा कमीच पडलं.”

“तुझी आई गेली आणि तिचं सगळं मला मिळालं,” ती बोलायला लागली. “तिचं घर, तिचा नवरा, तिची भांडी, तू. मी काही मागितलं नव्हतं, पण मिळालं. जेवायला बसले की वाटायचं, ताटसुद्धा तिचंच. तिच्याहून जास्त मासे मला आवडायचे, ठाऊक आहे? म्हटलं, सगळं घेतलंस ना शरयू, मग एक तरी तिच्यासाठी सोड.”

“मग आज?”

“हा तिचा नव्हता. माझ्या लोकरीला लागला, मी धरला. हा माझा.” आणि त्याच आवाजात, मिठाबद्दल बोलावं तसं, ती म्हणाली, “उत्तू, मी दिवाळीला घरी जाते. कायमची.”

माझं डोकंच फिरलं. एवढी खटपट करून आणलं, खोलीचं माप घेतलं, आणि ही म्हणते घरी जाते! “घरी म्हणजे? इथे तुला कोण परकं आहे? तिथे आहे कोण तुझं?”

“कुणी नाही. तेच तर.” तिने प्लेट खाली ठेवली. “तुझे बाबा गेले त्याचं दुःख आहेच, मला. पण ते गेल्यावर एक दिवस मी फडताळातली सगळी भांडी खाली काढली आणि माझ्या मनासारखी लावली. तोवर ताईने लावली होती तशीच होती, तिसावर वर्षं. एक वाटी हलवायचा मला धीर झाला नव्हता. त्या दिवशी वाटलं, आता हे घर माझं. आणि मग तू आलीस आणि मला घेऊन आलीस.”

“मला काय माहीत?”

“तुला कसं माहीत असणार? मलाच कुठे नीट माहीत होतं? इथे येऊन, त्या खिडकीशी बसून बसून कळलं. तू मला फार प्रेमाने धरलंस, उत्तू. पण तुझ्या घरी मी पुन्हा दुसऱ्याच्याच भांड्यांत जेवतेय.”

यावर काय बोलणार? तरी मी पुष्कळ बोलले. त्या संध्याकाळी बोलले, नंतरही बोलले. रुसले, भांडी आपटली, दीपाला मधे घातलं. मावशी कशावरही चिडली नाही. गिरीशने एकदा हळूच विचारलं, “मग तिकीट बुक करू का?” आणि मी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याने बुक केलं.

ऑक्टोबरात आम्ही तिला सोडायला विमानतळावर गेलो. न्यूयॉर्कला गिरीशचा मित्र नरेंद्र तिला मुंबईच्या विमानात बसवून देणार होता. तेव्हा गेटपर्यंत आत जाता यायचं. डॉटीही आली होती, टोपीसकट. तिने एक पिवळी माशी काढून मावशीच्या स्वेटरला अडकवली, गळाचं टोक आधीच मोडलेली. ती माशी पुढे रेवदंड्याच्या घरात फडताळाच्या दाराला लावलेली मी पाहिली, मावशी होती तोवर दर खेपेला. त्या घरात मावशी रोज मासे करायची आणि आधी आपल्या पानात वाढून घ्यायची.

पण त्या दिवशी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की ही चाललीय. गेट उघडलं, लोक रांगेत उभे राहिले आणि मी तिचा हात घट्ट धरून ठेवला. दीपाने तिला मिठी मारली, गिरीश वाकून पाया पडला. माझी बोटं काही सुटेनात.

“उत्तू.”

“नाही.”

ती हसली. माझ्या हातातून हात न काढता तिने मला भिंतीजवळच्या पिण्याच्या पाण्याच्या नळाशी नेलं, मोकळ्या हाताने बटण दाबलं आणि आमचे धरलेले हात धारेखाली धरले. पाणी थंडगार होतं. माझ्या बाहीपर्यंत ओघळलं. मागे एक माणूस पाणी प्यायला आला होता, तो खोळंबून आमच्याकडे बघत राहिला.

“आता ओला झाला,” मावशी म्हणाली. “आता सोड.”

मी बोटं उघडली. तिचा हात क्षणभर माझ्या तळव्यावर तसाच राहिला. मग आपण होऊन निघाला.

ती रांगेत गेली, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि दारातून आत गेली. गिरीशने रुमाल पुढे केला. मी हात पुसला नाही.